सलाडोच्या ओढ्याकाठी

११ डिसेंबर १९१७ रोजी, दिवस उजाडायच्या आत, टेक्सासमधील सॅन अँटोनिओजवळ सलाडो ओढ्याच्या काठी अमेरिकी लष्कराने आपल्याच १३ कृष्णवर्णीय सैनिकांना एकदमच फासावर चढवले. शिक्षा काय झाली हे लोकांना कळले ते फाशी उरकल्यावर. हे सैनिक २४ व्या पायदळ रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचे. त्या उन्हाळ्यात ह्यूस्टनला कॅम्प लोगन नावाची छावणी उभी राहत होती आणि बांधकामावर पहारा देण्यासाठी त्यांना तिथे धाडले होते. शहराच्या ट्राममध्ये काळ्यांच्या जागा वेगळ्या, रस्त्यावर शिव्या, आणि पोलिसांचा मार. बटालियनचे स्वतःचे लष्करी पोलीस होते खरे, पण ते नि:शस्त्र फिरत. त्यातच बटालियनमधले जुने, अनुभवी कृष्णवर्णीय हवालदार अधिकारी-प्रशिक्षणासाठी आयोवाला गेलेले आणि मेजर नीलंड स्नो यांच्या हाती कमान नुकतीच आलेली. म्हणजे जी माणसे शिपायांना ओळखत होती आणि ज्यांचा शब्द शिपाई मानत होते, तीच नेमकी जागेवर नव्हती.

२३ ऑगस्टला सारा ट्रॅव्हर्स या कृष्णवर्णीय बाईला पोलिसांनी घरातून ओढून नेले. मध्ये पडलेल्या शिपायाला मारहाण करून पकडले. त्याची चौकशी करायला गेलेल्या लष्करी पोलिसातल्या कॉर्पोरल चार्ल्स बाल्टिमोर यालाही मारले, त्याच्यावर गोळ्या झाडल्या, कोठडीत टाकले. तो मेला अशी आवई छावणीत पोहोचली. तो जिवंत परत आला तरी संताप निवला नाही. संध्याकाळी बंदुका जमा करण्याचा हुकूम निघाला, पण गोरा जमाव चालून येतोय अशी हाकाटी झाली आणि हत्यारे पुन्हा शिपायांच्या हाती गेली. शंभरावर सैनिक शहरात घुसले. त्या रात्री पंधराएक गोरे नागरिक व पोलीस आणि चार सैनिक प्राणाला मुकले. इलिनॉय नॅशनल गार्डचा कॅप्टन जोसेफ मॅटेस याला तर पोलीस समजून मारले गेले.

इथे आक्षेप येतो तो रास्तच आहे. निरपराध माणसे मेली, मग शिक्षा नको का? हवीच होती, पण ती ज्याने मारले त्याला. फोर्ट सॅम ह्यूस्टनमधल्या पहिल्या खटल्यात ६३ आरोपींच्या बचावाला एकच माणूस होता, मेजर हॅरी ग्रियर. ते वेस्ट पॉइंटला कायदा शिकवत, पण वकील नव्हते. रात्र अंधारी, त्यात पाऊस, त्यामुळे गोळी कोणाच्या बंदुकीतून सुटली हे सांगणारे मिळणे अवघड. शिक्षेतून सूट मिळेल या आशेने साक्ष देणाऱ्या काही सैनिकांच्या शब्दावर बरेच काही उभे राहिले. अपील नव्हतेच. युद्धकाळात वरची तपासणी न होता फाशी अमलात आणण्याचा अधिकार सेनापतीला होता, हा दुसरा आक्षेप. कायद्याचा कागद तसे म्हणत होता, हे मान्य. पण सॅन अँटोनिओ म्हणजे फ्रान्समधला खंदक नव्हे, आणि तिथून वॉशिंग्टनला तार जायला वेळ लागत नव्हता. गदारोळ झाल्यावर लष्कराने जानेवारी १९१८ मध्ये हुकूमच काढला की फाशीआधी वॉशिंग्टनची तपासणी हवी. पुढल्या दोन खटल्यांत आणखी १६ जणांना फाशी सुनावली गेली. ते कागद राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यापुढे गेले आणि १० जण वाचले. या आकड्याएवढा बोलका पुरावा मला दुसरा दिसत नाही. शिक्षा ठोठावणारी यंत्रणा तीच होती, फरक पडला तो कोणीतरी कागद पुन्हा वाचल्याने. पहिल्या तेरा जणांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

मात्र तपासणीचा नियम आला म्हणून प्रश्न संपत नाही. एकूण ११८ सैनिकांवर खटले, ११० दोषी, १९ फासावर. गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी एकालाही शिक्षा नाही, नागरिक तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभाच राहिला नाही. कोणी म्हणेल, अधिकाऱ्याने गोळी झाडली नव्हती. पण लष्करात कमान म्हणजे नुसता सलाम घेणे नव्हे. पोलिसांची दांडगाई काही एका दिवसात उपटली नव्हती आणि नि:शस्त्र पहारेकरी मार खातात हे दिसत होते. ते थांबवणे बाल्टिमोरच्या हातात नव्हते, वरच्यांच्या होते. अकरा वर्षे आधी, १९०६ मध्ये, टेक्सासच्याच ब्राउन्सव्हिलमध्ये हेच घडले होते. गोळीबाराचा ठपका ठेवून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना खटल्याविना बडतर्फ केले. तिथल्या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांवर मात्र रीतसर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. सैनिकांना न्याय मिळायला १९७२ उजाडले. मुंबईकरांना यावरून फेब्रुवारी १९४६ मधले ‘तलवार’ या नौदल तळावरचे नाविकांचे बंड आठवेल. तिथेही ठिणगी पडली ती निकृष्ट अन्नाची आणि वरिष्ठाच्या वर्णद्वेषी शिव्यांची. पण तिथे नाविकांच्या तक्रारी तपासायला निदान चौकशी आयोग तरी बसला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये लष्करमंत्री क्रिस्टीन वॉर्मथ यांनी ह्यूस्टनच्या सगळ्या ११० शिक्षा रद्द केल्या. खटले न्याय्य नव्हते, हे लष्कराने अखेर स्वतः लिहून दिले. मेजर स्नो यांच्या बाबतीत तसे काही करण्याची वेळ आली नाही, कारण रद्द करायला त्यांच्या नावावर शिक्षाच नव्हती.