समुद्राचा तळ कोणाचा? शिंपले, लोखंडी दात आणि साडेसहाशे वर्षांचा कायदा

#थ्रेड

१) इ.स. १३७६. इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे किनाऱ्यावरच्या लोकांचा एक अर्ज आला. गादीवर तिसरा एडवर्ड होता. तक्रार एका नव्या जाळ्याविरुद्ध होती. शिंपले खरवडण्याच्या साधनाच्या धर्तीवर ते बनवलेले होते. लांबी तीन वाव, रुंदी दहा फूट. ते तळावरून ओढत नेले की तळाचे शेवाळ, शिंपले आणि मासळीची पिल्ले असे सारेच वर येई. बारीक मासळी इतकी निघे की ती डुकरांना घालावी लागे.

२) अर्जदारांची मागणी बंदीची होती. मिळाली ती चौकशी. जाणकारांनी तथ्य तपासावे असा आदेश निघाला. तळ खरवडणारे अवजार, त्याविरुद्ध किनाऱ्याची तक्रार आणि त्यावर नेमलेली समिती हा क्रम तेव्हापासून अनेक देशांत घडत आला आहे. त्याचे एक टोक आपल्या मालवणापर्यंत येते, आणि मालवणाचा धागा कोल्हापूरच्या इतिहासात गुंतलेला आहे.

३) आधी अवजार समजून घ्यावे. दात असलेली जड लोखंडी चौकट आणि तिच्यामागे साखळ्यांची किंवा जाळीची पिशवी. नौका पुढे जाते, दात चिखलात रुततात, शिंपले उखडून पिशवीत पडतात. शेतात कुळव फिरावा तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की कुळवानंतर पेरणी होते. येथे पेरणी करणारा कोणी नसतो.

४) शिंपला एकाच जागी राहून पाणी गाळतो. पाण्यातले सूक्ष्म अन्नकण हेच त्याचे पोषण. कालवाचे पिल्लू काही दिवस पाण्यात तरंगते आणि मग एखाद्या कठीण पृष्ठभागावर कायमचे चिकटते. हा पृष्ठभाग बहुधा जुन्या कालवांच्या कवचांचाच असतो. म्हणजे कवचांचा थर उचलून नेला की या वर्षीच्या पिकाबरोबर पुढच्या पिढीची जागाही जाते. खरवडीवरचे सारे कायदे या एका साध्या वस्तुस्थितीभोवती फिरतात.

५) अमेरिकेतील चेसापीक उपसागर हे याचे ठळक उदाहरण. मेरीलँड राज्याने १८२० साली तेथे कालवांच्या खरवडीला बंदी घातली. १८६५ मध्ये परवाना घेणाऱ्या स्थानिकांना ती खुली झाली, मात्र केवळ शिडाच्या नौकांना. वाफेच्या यंत्राला मज्जाव होता. वारा पडला की खरवड थांबावी, एवढा निसर्गाचा लगाम कायद्याने मुद्दाम राखून ठेवला होता.

६) तरीही चोरटी खरवड वाढली. १८६८ साली मेरीलँडला कालवांसाठी स्वतंत्र जलपोलीस दल उभारावे लागले. हाताच्या चिमट्यांनी कालवे काढणारे आणि खरवड करणारे यांच्यात बंदुका चालल्या. शेजारच्या व्हर्जिनियाचे गव्हर्नर विल्यम कॅमेरॉन १८८२ व १८८३ मध्ये स्वतः छाप्यांवर निघाले. १८८० च्या दशकात उत्पादन शिखराला पोहोचले आणि मग उतरणीला लागले. ते शिखर पुन्हा कधी गाठता आले नाही.

७) दुसरा टप्पा नेदरलँड्सचा. तेथील वाडन समुद्र उथळ आहे. ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो आणि त्यात खुब्यांच्या जातीचे शिंपले असतात. यांत्रिक खरवडीला दरवर्षी परवाने मिळत. शिंपल्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांचे काय, असा प्रश्न निसर्गसंस्थांनी न्यायालयात नेला. ७ सप्टेंबर २००४ रोजी युरोपीय न्यायालयाचा निर्णय आला.

८) त्या निर्णयाने सिद्धतेचा भार उलटा केला. नुकसान होते हे तक्रारदाराने सिद्ध करण्याची गरज उरली नाही. संरक्षित क्षेत्राला बाधा येणार नाही, याबद्दल वाजवी शास्त्रीय शंका शिल्लक नसेल तरच परवाना द्यावा, असे तत्त्व ठरले. २००५ पासून डच सरकारने तेथील खुब्यांची यांत्रिक खरवड थांबवली. हाताने वेचणी मात्र परवान्याखाली चालू राहिली. यंत्र आणि हात यांत कायद्याने भेद केला.

९) आता आपल्याकडे. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणे हा गुन्हा ठरवला. तळ ओरबाडणाऱ्या यंत्राचा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. कोकणचे जग डोल, रापण आणि ओहोटीची वेचणी यांचे होते.

१०) स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने समुद्र दोन हिस्स्यांत वाटला. प्रादेशिक समुद्रातील मासेमारी राज्यांकडे आली आणि त्यापलीकडची केंद्राकडे गेली. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यानुसार प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. किनाऱ्याजवळ कोणी कोणत्या जाळ्याने मासे मारावेत हा प्रश्न त्यामुळे मुंबईतील विधिमंडळाचा झाला.

११) १९५० च्या दशकात केरळात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. पुढे कोळंबीच्या निर्यातीतून पैसा दिसू लागला आणि तळावरून जाळे ओढणारे ट्रॉलर किनाऱ्याला भिडले. कोळंबी तळाशी राहते, म्हणून जाळेही तळाशी. १३७६ च्या अर्जातले वर्णन सहाशे वर्षांनी अरबी समुद्राला लागू पडले.

१२) गोव्यात रापणकार संघटित झाले. माथानी साल्ढाणा हे त्या लढ्याचे ठळक नाव. किनाऱ्याजवळचा पट्टा यांत्रिक नौकांना बंद करा, ही त्यांची मुख्य मागणी होती. केंद्राने १९७६ साली मजुमदार समिती नेमली. तिच्या कामातून राज्यांसाठी आदर्श विधेयक तयार झाले. गोवा आणि केरळ यांनी १९८० साली कायदे केले. महाराष्ट्राचा ‘सागरी मासेमारी नियमन अधिनियम’ १९८१ चा.

१३) महाराष्ट्राच्या आदेशांतील एक बारकावा अर्थपूर्ण आहे. गोव्याने बंदीची रेषा किनाऱ्यापासून ५ किलोमीटरवर ओढली. महाराष्ट्राने ट्रॉलर-बंदीचे पट्टे ठिकठिकाणी ५ व १० वाव खोलीने ठरवले. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधले अंतर, सुमारे सहा फूट. पाच माणसे उभी बुडतील एवढे पाणी असेपर्यंत तळ पारंपरिक मच्छीमाराचा, असा त्याचा अर्थ. मोजमाप माणसाच्या शरीराचे होते. अडचण अशी की खोलीची रेषा पाण्यावरून दिसत नाही, आणि गस्तीची नौका वेळेवर नसेल तर ती कागदावरच राहते.

१४) ट्रॉलर व पर्ससीनवाल्यांचा युक्तिवादही ऐकला पाहिजे. समुद्र सर्वांचा आणि धंदा करण्याचा हक्क मूलभूत, असे त्यांचे म्हणणे. केरळ राज्य विरुद्ध जोसेफ अँटनी या खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला उत्तर दिले. प्रादेशिक समुद्रात पर्ससीन आणि तत्सम जाळ्यांवरील राज्याची बंदी वैध ठरली. पारंपरिक मच्छीमारांचे जगणे राखणे हे सार्वजनिक हिताचेच काम आहे, हा त्या निकालाचा गाभा.

१५) आता मालवण. सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ ची. पुढे किल्ला कोल्हापूरच्या छत्रपतींकडे आला. १७६५ साली इंग्रजांनी तो घेतला आणि पुढच्याच वर्षी परत केला. १८१२ च्या तहाने कोल्हापूरने मालवण कायमचे गमावले. कागल तालुक्यातील बिद्रीहून गारगोटीकडे जाताना मुदाळ तिट्टा लागतो. तेथून देवगड-निपाणी रस्ता फोंडा घाटाने कोकणात उतरतो. घाटमाथ्यावरून परका वाटणारा हा समुद्र एकेकाळी करवीर राज्याचा होता.

१६) याच किल्ल्याभोवतीचे २९.१२२ चौरस किलोमीटर क्षेत्र १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यातील ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र. सिंधुदुर्ग आणि पद्मगड त्यातच येतात. पाण्याखाली प्रवाळ आहे आणि खडकांवर शिंपल्यांच्या वसाहती आहेत. आधार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा. तो घडला होता वाघ-गव्यांची जंगले डोळ्यांपुढे ठेवून.

१७) येथेच खरा पेच निर्माण झाला. मासेमारीचा कायदा विचारतो की जाळे कोणते. अभयारण्याचा कायदा विचारतो की जागा कोणती. पहिल्याच्या दृष्टीने ट्रॉलर आणि ओहोटीला मुळे वेचणारी बाई यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याच्या दृष्टीने दोघेही एका रेषेच्या आत आलेले आहेत. त्यामुळे ट्रॉलरविरुद्ध लढणाऱ्या मालवणच्या मच्छीमारांनीच अभयारण्यालाही विरोध केला.

१८) १९९१ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली. प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकाशी विचारविनिमय करून सीमा ठरवाव्यात आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताच्या रक्षणाची पुरेशी तजवीज करावी, असे कलम आले. मालवणची घोषणा त्याच्या चार वर्षे आधीची. जो विचार आधी व्हायला हवा होता तो मालवणच्या वाट्याला उशिरा आला.

१९) ओहोटीच्या स्त्रियांकडे कायद्याचे लक्ष आणखी कमी. १९८१ च्या कायद्याची भाषा नौकेची आहे. परवाना नौकेचा, नोंदणी नौकेची, दंड नौकेला. तिसऱ्या, मुळे, खुबे पायाने चाचपून हाताने काढणाऱ्या बाईकडे नौकाच नसते. तिच्यावर बंधन नाही हे खरे. पण तिची नोंद नाही, म्हणून तिच्या नुकसानीचीही नोंद नाही.

२०) गोव्यात एका शिंपल्याची कथा वेगळी आहे. जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी ज्याची चपटी, अर्धपारदर्शक कवचे बसवत, तो शिंपला चिखलीच्या उपसागरात आढळतो. २००१ साली वन्यजीव कायद्याच्या अनुसूचींत शिंपले-शंखांच्या २४ जाती घालण्यात आल्या, त्यांत तोही होता. घराला उजेड देणारे कवच कायद्याने वन्यजीव ठरले.

२१) महाराष्ट्रात शिंपल्यांसाठी यांत्रिक खरवड फारशी रुजली नाही. तळ खरवडला गेला तो वाळूसाठी. खाडीतली वाळू पूर्वी हातपाटीने किंवा डुबी मारून काढत. मग ड्रेजर आणि सक्शन पंप आले. वाळूबरोबर तिच्यात राहणारे सगळेच पंपातून जाते. हेतू वाळूचा असो वा शिंपल्यांचा, तळाला फरक पडत नाही.

२२) २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील बेकायदा वाळूउपशाला लगाम घातला. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात लहान क्षेत्रांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेनंतर केंद्राने पारंपरिक समाजांना यंत्राविना, हाताने वाळूचे दांडे काढण्याची वाट ठेवली. वाडन समुद्रातला हात आणि यंत्राचा भेद येथेही उमटला.

२३) मधल्या मार्गाचे उदाहरण केरळच्या अष्टमुडी सरोवरात आहे. तेथे शिंपल्यांच्या वेचणीला डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, कारण तो प्रजननाचा काळ. जाळ्याची आस ३० मिलिमीटरहून लहान नसावी हा दुसरा नियम. पिल्ले सुटतात, मोठे शिंपले मिळतात. २०१४ साली या मासेमारीला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतात असे मानांकन मिळवणारी ती पहिली मासेमारी.

२४) सिंधुदुर्गात संघर्ष थांबला नाही. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर कडक मर्यादा आल्या आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणण्याचे ठरले. २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांवर गेले. एलईडी दिव्यांच्या आणि बुल ट्रॉलच्या मासेमारीसाठी तर ५ ते २० लाखांपर्यंत. तहसीलदारांकडचे निवाड्याचे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाकडे आले. गावोगावची कामे सांभाळणाऱ्या महसुली कचेरीत समुद्राची फाईल मागे पडे, ती आता समुद्राच्याच खात्याकडे आली.

२५) साडेसहाशे वर्षांचा हा प्रवास पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. कायदा येथे क्वचितच पहिला पोहोचतो. चेसापीकमध्ये तो लवकर आला आणि मग सैल झाला. वाडन समुद्रात तो पक्षी मेल्यावर आला. मालवणात तो आला, पण ज्यांच्यासाठी आला त्यांना न विचारता आला.

२६) आणि जेथे तो टिकला तेथे त्याने दोन प्रश्न वेगळे ठेवले: तळाला काय सोसवेल आणि त्या तळावर कोणाचे पोट आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञ देऊ शकतात. दुसऱ्याचे उत्तर ओहोटीला गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या बाईला विचारावे लागते. महाराष्ट्राच्या कायद्यात तिच्यासाठी अजून एकही रकाना नाही.