द्विभाषिक बालसंगोपन (कोल्हापूर परिसर)
घरात वाढताना मुलाने बालपणापासूनच दोन वा अधिक भाषा आत्मसात करणे. कोल्हापूर जिल्ह्याच्या कर्नाटकालगतच्या पट्ट्यात, विशेषतः शिरोळ व गडहिंग्लज तालुक्यांतील अनेक जैन व लिंगायत घरांत, हे कोणी न ठरवता घडत आले आहे : आजीशी कन्नड, शाळेत नि बाजारात मराठी. सीमेपलीकडे निपाणीत चित्र उलटे. घरी मराठी, सरकारी कचेरीत कन्नड.

या परिसराची दखल भाषाविज्ञानाने आवर्जून घेतली. जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यातील एका गावावर लेख प्रसिद्ध केला. त्यात गावाचे नाव ‘कुपवार’ असे येते. तेथील जैन कन्नड, मुसलमान उर्दू, दलित व भूमिहीन मजूर मराठी, तर दोर वळणारे तेलुगू बोलत. चव्हाट्यावर मराठी चाले, कारण ती गावातल्या वरचढ गटांपैकी कोणाचीच घरची भाषा नव्हती. रोजच्या देवघेवीने कन्नड, उर्दू व मराठीची वाक्यरचना इतकी जवळ आली, की शब्दाजागी शब्द ठेवून भाषांतर जमे. तरीही प्रत्येकाने घरची बोली सोडली नाही. दोन भाषांनी मूल गोंधळते, ही आजची शहरी धास्ती त्या गावाला चमत्कारिकच वाटली असती.

घरची भाषा एक नि साहित्याची दुसरी, याचे ठळक उदाहरण सीमाभागाच्या पलीकडेही दिसते : धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे मराठी घरात वाढले; कन्नड काव्यासाठी त्यांना १९७३ चे ज्ञानपीठ मिळाले.

इंग्रजी माध्यम आल्यापासून घरभाषेचा वाटा आक्रसतो आहे. नातवाला आजीचे कन्नड कळते, पण उत्तर मराठीत येते; लिपी तर बहुधा शिकवलीच जात नाही.