डायहायड्रोअर्गोटामीन नासाफवारा : औषधांच्या आंतरक्रिया

अर्धशिशीचा (मायग्रेनचा) झटका थांबवण्यासाठी नाकात मारायचे औषध. झटका येऊच नये म्हणून ते रोज घ्यायचे नसते. राय या धान्यावर वाढणाऱ्या अरगट बुरशीतील अल्कलॉइडापासून ते बनवतात. आर्थर श्टोल आणि आल्बेर्ट होफमान यांनी १९४३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ते प्रथम तयार केले. अमेरिकेत त्याच्या फवाऱ्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. प्रत्येक नाकपुडीत अर्ध्या मिलिग्रॅमचा एक फवारा मारतात व १५ मिनिटांनी तेच पुन्हा करतात. म्हणजे एकूण मात्रा २ मिलिग्रॅम होते.

कार्य : हे औषध मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, पण हातापायांच्या आणि हृदयाच्या वाहिन्यांवरही त्याचा परिणाम होतो. अरगट लागलेले धान्य खाल्ल्याने मध्ययुगीन युरोपात माणसांचे हातपाय सडत, ते वाहिन्या अशाच आवळल्या गेल्यामुळे. औषध प्रमाणाबाहेर रक्तात साठले, तर तोच धोका आजही उभा राहतो.

आंतरक्रिया : नाकातून घेतलेले औषधही शेवटी यकृतातच निकामी होते. हे काम मुख्यतः सायटोक्रोम ३ए४ हे विकर (एन्झाइम) करते. या विकराला जोरदार अडवणारी औषधे चालू असताना हा फवारा पूर्णपणे निषिद्ध आहे. घशाच्या किंवा छातीच्या संसर्गावरील क्लॅरिथ्रोमायसिन व एरिथ्रोमायसिन, बुरशीजन्य रोगांवरील केटोकोनॅझोल व इट्राकोनॅझोल आणि एचआयव्हीच्या उपचारातील रिटोनाविर ही त्यांतील प्रमुख औषधे होत. कोविडवरील निर्माट्रेलविरच्या जोडीलाही रिटोनाविरच असते. फ्लुकोनॅझोल, फ्लुओक्सेटिन आणि ग्रेपफ्रूटचा रस विकराला कमी प्रमाणात अडवतात. त्यांच्याबाबतही सावध राहावे लागते.

दुसऱ्या गटातील औषधे स्वतःच वाहिन्या आकुंचित करतात. सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान यांसारखे ट्रिप्टान आणि हा फवारा यांत किमान २४ तासांचे अंतर हवे. आधी कोणतेही घेतलेले असो, आणि ट्रिप्टान गोळीचे असो वा इंजेक्शनचे. रक्तदाब वाढवणाऱ्या औषधांसोबत घेतल्यास रक्तदाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो. अर्धशिशी टाळण्यासाठी अनेकांना प्रोप्रॅनोलॉल दिलेले असते. ते अरगटवर्गीय औषधांचा आकुंचनाचा परिणाम वाढवू शकते, म्हणून दोन्ही चालू असल्याचे डॉक्टरांना ठाऊक हवे. तंबाखूतील निकोटीनमुळेही धोका वाढतो.

धोक्याची लक्षणे : बोटे गार, फिकट किंवा निळसर पडणे, हातापायांना मुंग्या येणे, चालताना पोटऱ्या दुखणे, छातीत दडपण येणे, अचानक बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे. यांपैकी काहीही जाणवल्यास पुढची मात्रा न घेता लगेच रुग्णालय गाठावे.

दक्षता : फवारा क्वचित लागत असल्यामुळे औषधांची यादी सांगताना तो सर्रास राहून जातो, आणि घसा दुखतो म्हणून दिलेले साधे प्रतिजैविकही अशा वेळी घातक ठरू शकते. म्हणून प्रत्येक नवे औषध घेण्याआधी या फवाऱ्याचे नाव आणि शेवटच्या मात्रेची वेळ डॉक्टरांना व औषधविक्रेत्याला आवर्जून सांगावी.