दोन पाय, तीन पेडल

नवी मुंबईतून पुण्याला निघालेली मोटार पनवेल आणि खोपोली मागे टाकून बोर घाट चढते. परतताना तोच घाट उतरायचा असतो. ‘ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा’ हा चालकांचा जुना नियम आहे. नुसत्या ब्रेकवर घाट उतरला तर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. खालच्या गिअरमध्ये मात्र इंजिनच चाकांना आवरून धरते. पण वळणाआधी वेग कमी करत असतानाच गिअर बदलायचा, तर क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर या तिघांचीही गरज पडते. पाय तर दोनच! या अडचणीतून निघालेल्या युक्तीचा आणि तिच्यासाठी पेडलांची जागा बदलण्याच्या खटपटीचा इतिहास आपण पाहू.

पेडलांचा आजचा क्रम सुरुवातीपासून ठरलेला नव्हता. 1908 साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला तीन पेडल होते. डावे गिअरसाठी, मधले मागे जाण्यासाठी आणि उजवे ब्रेकसाठी. इंजिनाचा वेग हाताच्या दांडीने कमीजास्त करावा लागे. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर हा आपल्या ओळखीचा क्रम 1916 च्या सुमाराच्या एका कॅडिलॅक मोटारीत दिसतो. तरीही 1950 च्या दशकातील ‘मासेराती 250 एफ’सारख्या शर्यतीच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर मधोमधच होता.

आता अडचणीचे मूळ पाहू. समजा, एका गाडीचे इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला 2000 फेरे घेत आहे, आणि दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर तिसऱ्याच्या दीडपट आहे. गाडीचा वेग तोच राहिला तर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला 3000 फेरे घ्यावे लागतील. हा फरक भरून न काढता गिअर टाकला, तर जुन्या गिअरपेटीत दातांवर दात आपटून खडखडाट होई. म्हणून चालक ‘डबल क्लच’ करत. क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणायची, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला हलकासा झटका द्यायचा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा.

1928 साली कॅडिलॅकने ‘सिंक्रोमेश’ गिअरपेटी आणली. तीत दात एकमेकांत अडकण्यापूर्वी शंकूच्या आकाराचे भाग एकमेकांवर घासतात आणि घर्षणाने दोन्हींचा वेग सारखा होतो. मात्र ही सोय सगळ्या गिअरना एकदम मिळाली नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणाऱ्या आणि पुढे ‘पद्मिनी’ म्हणून घरोघरी पोचलेल्या फियाट 1100 जातीच्या मूळ रचनेत पहिला गिअर सिंक्रोमेशविनाच होता. शिवाय सिंक्रोमेश गिअरपेटीतले वेग जुळवतो, इंजिनाचा नव्हे. तो फरक शेवटी क्लचला सोसावा लागतो, आणि क्लच झटकन सोडला तर धक्का चाकांपर्यंत पोचतो. ओल्या घाटात तेवढ्याने चाके घसरू शकतात.

शर्यतीतील चालकांनी यावर तोड काढली. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर दाबून धरायचा आणि त्याच पायाच्या टाचेने किंवा बाहेरच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला झटका द्यायचा. हीच ‘हील अँड टो’ पद्धत. ती सोपी व्हावी म्हणून पेडलांमध्ये दोन अंतरे जुळवतात. एक म्हणजे दोन्ही पेडलांमधील आडवे अंतर, आणि दुसरे त्यांच्या उंचीतील फरक. दुसरे अंतर ब्रेक दाबलेला असताना मोजावे लागते. ब्रेक खाली गेल्यावर तो अ‍ॅक्सिलरेटरच्या जवळपास पातळीत यायला हवा. त्यासाठी कोणी अ‍ॅक्सिलरेटरवर रुंद पट्टी बसवतो, कोणी ब्रेकची उंची बदलतो.

पण शर्यतीत जे सोयीचे, तेच रोजच्या रस्त्यावर घातक ठरू शकते. 1980 च्या दशकात अमेरिकेत ‘ऑडी 5000’ मोटारी आपोआप सुसाट सुटतात, अशा तक्रारी झाल्या. तेथील वाहतूक सुरक्षा संस्थेने 1989 साली दिलेला निष्कर्ष असा की बहुतेक वेळा चालकाचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला होता. या गाडीत ती दोन्ही पेडल अमेरिकन गाड्यांच्या मानाने जवळ होती. अंतर कमी केले की कौशल्याला वाव मिळतो आणि चुकीलाही. शर्यतीच्या चालकाला जवळचे पेडल हवे, घाबरलेल्या चालकाला दूरचे.

पुढे हे काम यंत्राकडेच गेले. निसानच्या 2009 च्या ‘370 झेड’मध्ये गिअर बदलताना इंजिनाचा वेग संगणक जुळवू लागला. भारतात 2014 साली मारुतीच्या ‘सेलेरिओ’त क्लचचे पेडलच गेले. क्लच आणि गिअर यंत्रच हाताळू लागले.

वर्गात वेग जुळणे दाखवायला सायकल पुरेशी आहे. ती उलटी ठेवून मागचे चाक जोरात फिरवा आणि पेडल सावकाश फिरवत वेग वाढवत न्या. आधी हाताला काहीच भार लागत नाही. वेग जुळला की मात्र लगेच भार जाणवतो, आणि तोही धक्क्याविना. इंजिन बंद असलेल्या, हँडब्रेक लावून उभ्या केलेल्या मोटारीत विद्यार्थ्यांना पट्टी घेऊन पेडलांमधले अंतरही मोजू द्यावे. स्वतःच्या गाडीत ते बदलण्याचा मोह मात्र टाळावा. तेथे सेंटिमीटरभर फरकही पायाची सवय चुकवू शकतो. आमच्या मते यंत्ररचनेचा खरा धडा इथेच आहे. कोणतेही माप नुसते बरोबर किंवा चूक नसते, ते कोणाच्या पायासाठी आहे हे आधी ठरवावे लागते.