सावित्रीकाठचे लष्करी तळ

सावित्रीच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर दासगाव, महाडपर्यंत होड्या चालत आणि पुढे घाटवाटा देशावर चढत. वीर गाव याच टापूत वसले आहे. अशा वाटेवर फौजांचे मुक्काम न पडते तरच नवल! इ. स. १७९६ मध्ये नाना फडणीसांनी महाडास राहून फौज जमविली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरे बाजीराव महाडास आले व तेथून सुवर्णदुर्गमार्गे वसईस गेले. १८१८ च्या एप्रिलमध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने पाचाड घेतले. १० मे रोजी रायगड पडला.

गडाचा तट उभा राहतो. तळ उठला की मागे चुलींची राख आणि सांडलेल्या चारदोन वस्तू, एवढेच उरते. म्हणून तळाचा शोध आधी कागदात घ्यावा लागतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातील पत्रांत मुक्कामाचे गाव व तिथी आढळते. मग जागा पाहावी: माणसांना व घोड्यांना पुरेल असे गोडे पाणी, वैरण, भरतीच्या वरची सपाटी. ‘छावणी’, ‘पागा’, ‘तळ’ अशी शेताची नावेही वाट दाखवितात.

अलीकडे धातुशोधक यंत्रे सहज मिळतात व धनाच्या आशेने ती माळावर फिरविली जातात. आपल्या लोहयुक्त मातीत हे यंत्र उगाच बोलते, हा भाग निराळा. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८४ मध्ये हीच यंत्रे वापरून संशोधकांनी प्रत्येक गोळीची जागा नकाशावर मांडली आणि लढाई कशी सरकत गेली ते उलगडले. चपटी झालेली शिशाची गोळी झाडलेली असते. वाटोळी राहिलेली बहुधा तळावर हातातून पडलेली. तीच उकरून खिशात घातली, की उरते फक्त शिसे.

कायदाही स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे लागते. लपविणे हा गुन्हा होय. संरक्षित स्थळी तर परवानगीवाचून खणताच येत नाही. देवळाचा पाया खणताना काही लागले तरी नियम तोच.

यंत्रावाचून होण्याजोगे एक काम मात्र गावाच्याच हाती आहे. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो. शेताचे जुने नाव वृद्धांच्या तोंडीच उरले आहे. ती नावे गट क्रमांकासह वहीत उतरवून ग्रामपंचायतीत ठेवावीत, आणि तेही येत्या पावसाळ्याच्या आत.