रामशेजची लाकडी तोफ आणि आपला दिवाळीचा किल्ला

दिवाळीत गंगापूर रोडला चक्कर मारली की सोसायटी-सोसायटीत मुलांचे किल्ले दिसतात. मावळे मात्र सगळे एकाच साच्यातले, हातात तीच जाडजूड तलवार. बुरुजावर प्लॅस्टिकची तोफ.

आपल्या शहराला लागूनच रामशेज आहे. १६८२ साली औरंगजेबानं शिहाबुद्दीन खानाला तिथं वेढा घालायला पाठवलं. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. किल्लेदारानं लाकडं पोखरली, त्यांवर कातडं चढवलं आणि त्याच तोफा डागल्या. हे लिहून ठेवलंय मोगलांच्याच बाजूच्या खाफीखानानं! गड काही वर्षं झुंजला.

ही तोफ घरी करणं सोपंय. बांबूचं बोटभर कांडं घ्या, त्यावर जुन्या पाकिटाचं कातडं दोऱ्यानं आवळा. झाली तोफ.

दांडपट्टाही करून बघा. मावळा तीन इंचांचा, म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण बाविसावा भाग. साडेतीन फुटांचं पातं मग दोन इंचांच्या आत बसतं. पत्रा मोठ्यांनी कापून द्यायचा, हात झाकणारी लांब मूठ पोरांनी मातीची करायची. ढालीवरच्या चार फुल्या विसरू नका.

२०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. पण पोरांना पट्टा आणि तलवार यांतला फरकच कळत नसेल, तर त्या घोषणेचा उपयोग काय? मावळा विकत मिळतो. तुटपुंज्या साधनांवर गड कसा लढला, हे मात्र हातानं करून पाहिल्यावरच कळतं.

यंदा एक तरी शस्त्र घरी करा. फोटो कॉमेंटमध्ये टाका.