काष्ठमूर्ती व तिचा कर्ता

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी देवालय उभारणारे धर्मगुरू, जमीन देणारे दाते व घंटा अर्पण करणारी कुटुंबे यांचे स्मरण आपण कृतज्ञतेने करतो. ज्या मूर्तींपुढे आपल्या वाडवडिलांनी गुडघे टेकले, त्या घडविणाऱ्या हातांचे स्मरण मात्र क्वचितच होते. म्हणून अशाच एका मूर्तिकाराची हकीकत होळीच्या वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

१५३४ पासून १७३९ पर्यंत आपल्या वसईवर पोर्तुगालच्या राजाची सत्ता होती. गोवा व दूरचा ब्राझील देशही त्याच राजमुकुटाखाली होते. गोव्यात १६०५ साली बों जेझूच्या मंदिराचा अभिषेक झाला. तेथील कोरीव लाकडी व्यासपीठावर प्रभू येशू, चार शुभवर्तमानकार व धर्मसभेचे चार महापंडित दिसतात. तळाच्या सात आकृती जणू सारा भार पेलीत आहेत. ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांकडून पवित्र वस्तू घडवून घेऊ नयेत, असे निर्बंध सोळाव्या शतकात गोव्यात घातले गेले. तथापि अशी पुष्कळ कामे हिंदू कारागिरांच्याच हातून होत राहिली. त्यांपैकी फारच थोड्यांची नावे उरली आहेत.

बों जेझूच्याच नावाचे एक मंदिर ब्राझीलमध्ये काँगोन्यास येथे आहे. फेलिसियानु मेंदिस नामक पोर्तुगीज खाणकाऱ्याने दुखण्यातून उठल्यावर नवस फेडण्याकरिता १७५७ साली त्याचा आरंभ केला. तेथे १७९६ ते १७९९ या काळात आंतोनियु फ्रान्सिस्कु लिस्बोआ याने आपल्या साहाय्यकांसह प्रभूच्या दुःखसहनाच्या ६६ काष्ठमूर्ती घडविल्या. शेवटच्या भोजनापासून क्रुसापर्यंतचे प्रसंग सहा लहान मंदिरांत मांडलेले असून मूर्ती माणसाएवढ्या उंच आहेत.

या पुरुषाचा पिता पोर्तुगीज वास्तुकार, तर माता आफ्रिकन दासी होती. दुर्धर व्याधीने त्याचे हातपाय विद्रूप झाले, म्हणून लोक त्यास ‘आलेजादिन्यु’, म्हणजे ‘लहानसा पांगळा’, म्हणू लागले. हातांस हत्यारे बांधवून तो काम करीत असे, अशी परंपरागत हकीकत आहे. १८१४ साली तो निवर्तला.

दासीच्या या पुत्राचे नाव आज जगास ठाऊक आहे. त्याच्या कलेबरोबरच एका साध्या गोष्टीसही याचे श्रेय आहे: मजुरी दिल्याच्या पावत्या जपल्या गेल्या. पैशाच्या नोंदीने कारागिराचे नाव तारले!

वाचकहो, यातून आपण एक बोध घ्यावा. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याची ओल व वाळवी हे लाकडाचे नित्याचे वैरी आहेत. हौसेने फासलेला तैलरंगही कोरीव मुखावरील भाव बुजवितो. जीर्ण झाली म्हणून जुनी मूर्ती टाकून देऊ नये. जाणत्यास दाखवून तिची डागडुजी करावी. आणि नवी मूर्ती घडविली, तर दात्याच्या नावाशेजारी घडविणाऱ्याचे नाव, गाव, साल व मजुरी देवालयाच्या वहीत अवश्य लिहावी. पुढील ज्युबिलीस आपली लेकरे त्याच्यासाठीही प्रार्थना करतील.